यात्रा-लग्नं धरून वजन आटोक्यात ठेवायचं कसं

मी बेळगावच्या वडगावात बायकांचे कपडे शिवते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, परकर, लग्नसराईत घागरे. या धंद्यात कुणाचं वजन कधी वाढलं आणि कधी उतरलं ते डॉक्टरच्या आधी आम्हाला कळतं. माझ्याकडं मापाच्या वह्या आहेत, एकेका गिऱ्हाइकाची वर्षानुवर्षांची मापं एकाखाली एक लिहिलेली. त्यात एक चाल पुन्हा पुन्हा दिसते. पोरीचं लग्न ठरलं की आई भात बंद करते, रात्रीचं जेवण सोडते, सकाळी गरम पाण्यात लिंबू पिळून पिते. लग्नात ब्लाऊज सैल होतो, फोटो चांगले येतात. मग दिवाळीच्या आधी तीच बाई तोच ब्लाऊज घेऊन पायरी चढते, "आक्का, जरा उसवून द्या की ओ." आणि वहीत बघावं तर लग्न ठरायच्या आधी होतं त्यापेक्षा अर्धा इंच जास्तच सोडावा लागतो.

म्हणून मला कुणी विचारलं की वजनासाठी काय करू, तर मी उलट विचारते, आमच्या वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेच्या आठवड्यात हे करणार का? आषाढाची झड लागलेली असताना, घरात पाव्हणे असताना जमणार का? जमत असेल तर आजच सुरू कर. जमत नसेल तर सुरूच करू नको, दुसरं काहीतरी सोपं शोध. माझं सगळं सांगणं या एका चाळणीतून गाळून घेतलेलं आहे.

घाईनं उतरवलेलं वजन परत का येतं याला कारण आहे. खाणं एकदम तोडलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, शरीर बसल्या जागी खर्च करायची ताकदसुद्धा आखडती घेतं आणि भुकेचं प्रमाण वाढवतं. हे वर्षभर, कधी त्याहूनही जास्त टिकतं. बाईला वाटतं आपला निर्धार कमी पडला, पण खरं तर तिचं अंगच तिला ओढत असतं. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरलं तर ही ओढाताण बरीच कमी होते. आणि फार उतरवावं लागतं असंही नाही. 70 किलोच्या बाईनं साडेतीन किलो उतरवून ते तसंच ठेवलं तरी साखर आणि ब्लडप्रेशरवर फरक दिसायला लागतो.

आधी टेप, मग काटा

शिंप्याची कंबर आणि डॉक्टरची कंबर एक नसते. परकराला आम्ही नाडी बांधायच्या जागेचं माप घेतो. तब्येतीची कंबर त्याच्या वर असते. बोटांनी शेवटची बरगडी चाचपा, मग कुशीला कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा. दोन्हींच्या बरोबर मधोमध टेप लावायचा. आरशासमोर उभं राहा, कारण टेप पाठीमागं खाली घसरतो आणि माप चुकतं. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. टेप कातडीला टेकायला हवा, रुतायला नको. साडीच्या निऱ्यांवरून घेतलेलं माप कामाचं नाही. टेप जुना असेल तर तो स्टीलच्या पट्टीला लावून तपासा, कापडी आणि रेक्झिनचे टेप वापरून वापरून ताणतात.

आपल्या देशातल्या बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचाच्या आत असावी, पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचाच्या आत. गोऱ्या लोकांचे आकडे याहून मोठे आहेत, पण आपल्याकडं पोटावरची चरबी कमी वजनातच त्रास द्यायला लागते. आकडे लक्षात राहत नसतील तर कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत आहे का एवढं बघा. वजनाचं म्हणाल तर पाच फूट उंचीच्या बाईला 53 किलोच्या वर जास्त आणि 58 च्या वर स्थूल धरतात. हा आकडा ऐकून बऱ्याच जणी माझ्याकडं अशा बघतात की मीच तो काढला आहे!

काट्यावर आठवड्यातून एकदा उभं राहायचं. वार एक, वेळ एक, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. रोज उभं राहिलात तरी हरकत नाही, पण मग रोजच्या आकड्यावरून रडायचं नाही. लोणचं-पापड जास्त झालं किंवा पाळी जवळ आली की अंगात पाणी धरतं आणि काटा किलोभर वर दाखवतो. ती चरबी नव्हे. कंबर महिन्यातून एकदा पुरे. हे सगळं वहीत लिहा, मोबाइलमध्ये नको, मोबाइल बदलतो. अमेरिकेत 1994 साली काही संशोधकांनी अशीच एक मोठी नोंदवही सुरू केली. किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर तरी तसंच राखलेल्या लोकांची नावं तीत आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या सवयी सारख्याच निघाल्या: आठवड्यातून एकदा तरी वजन बघणं, सकाळी काहीतरी खाणं, रोज बऱ्यापैकी चालणं. मला त्यात नवल वाटलं नाही. माझ्या वहीतल्या ज्या चार-दोन बायकांचं माप दहा वर्षं हललं नाही, त्याही अशाच आहेत.

ताटात काय बदलायचं

भात सोडू नका. आपण बेळगावकर भात सोडून राहू शकत नाही आणि रेशनला तांदूळ मिळतो, तो घरात येणारच. पण माझ्या सासूबाईंच्या वेळी घरात सकाळ-संध्याकाळ जोंधळ्याची भाकरी असायची आणि भात शेवटी, ताकाबरोबर, मूठभर. आता उलटं झालंय. भाकरीत काही जादू नाही, पीठ म्हणजे पीठच. पण भाकरी मोजता येते, भात मोजता येत नाही. दोन भाकऱ्या झाल्या की हात आपोआप थांबतो. भातावर आमटी घातली, मग आमटी उरली म्हणून भात घेतला, मग भात उरला म्हणून पुन्हा आमटी. म्हणून आधी भाकरी-भाजी, शेवटी भात, आणि भात वाटीनं वाढायचा, डावानं नाही.

भाकरी थापायला वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. मी सात वाजता शटर उघडते, मलाही नसतो. त्यावर आपल्या कन्नड शेजारणींचा उपाय चांगला आहे, कडक रोट्टी. पातळ थापून, भाजून, वाळवलेली. आता बाजारातही गठ्ठ्यानं मिळते आणि बरेच दिवस टिकते. डब्यात ती असली की घाईच्या दिवशी ब्रेड येत नाही. शिवाय ती चावावी लागते, त्यामुळं जेवण लांबतं आणि पोट भरल्याचं मेंदूला कळायला वेळ मिळतो. त्यांच्याकडूनच घ्यायची दुसरी गोष्ट म्हणजे कोशंबरी. भिजवलेली मूगडाळ, किसलेली काकडी, ओलं खोबरं चिमूटभर, लिंबू, मीठ. सकाळी डाळ भिजत टाकली की संध्याकाळी दुकानातच कालवता येते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराबद्दल नवीन सूचना काढल्या. त्यात निम्मं ताट भाज्या-फळांचं आहे. आपल्या ताटात भाजी कोपऱ्यात असते, लोणच्याच्या शेजारी. खासबागच्या बाजारातून मेथी, शेपू, माठ, अंबाडी जे स्वस्त असेल ते जास्त आणायचं आणि भाजी भांडंभर करायची. गरगट्टा, म्हणजे पालेभाज्या एकत्र शिजवून घोटलेली भाजी, केला तर तीन-चार पालेभाज्या एकदम खपतात आणि तेलही कमी लागतं. पोरांना कळतही नाही कुठला पाला आहे.

डाळीचं एक सांगते, कारण हे मी घराघरात बघितलंय. पातेल्यातली आमटी वरच्यावर पळीनं वाढली जाते. डाळ खाली बसते. पहिल्यांदा जेवणाऱ्यांना पाणी आणि शेवटच्याला गाळ, किंवा तो गाळ दुसऱ्या दिवशी शिळा. पळी तळापर्यंत घालून ढवळून वाढा. 60 किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. बाकीची डाळ, मटकी, हुलगे, ताक-दही, शेंगदाणे यांतून काढायची. प्रथिनं पुरेशी गेली की अकरा वाजता भूक लागत नाही आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. बायका सगळ्यांना वाढून शेवटी चटणी-भाकरीवर भागवतात. वजन वाढण्याचं हेही एक कारण आहे, कारण मग चारला चहाबरोबर बेकरीतलं कडक बटर लागतं.

शेंगाची चटणी, जवसाची, कारळ्याची. तिन्ही चांगल्या, पण तोंडी लावायला. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, आणि आपण चटणीवर परत तेल ओततो. एक चमचा चटणी, त्यात दही.

तेलासाठी एक युक्ती. नवीन कॅन फोडला की त्यावर मार्करनं तारीख लिहा. माणशी दिवसाला 20 ग्रॅम धरलं तरी चौघांना महिन्याला दोन किलो चारशे ग्रॅम होतं. तुमचा पाच लिटरचा कॅन चौघांत महिन्याच्या आत संपत असेल तर आणखी काही तपासायची गरज नाही, वजन तिथंच आहे. एक ग्रॅम तेलाला नऊ कॅलरी, पीठ-साखरेला चार. भाजीत तेल बाटलीतून ओतू नका, चमच्यानं घाला. एवढ्यानंच पुढच्या कॅनची तारीख आठ दिवस पुढं जाते.

चहा आणि साडेपाच वाजता

माझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं की चहा. कप लहान असतो, पण दोन चमचे साखरेचे पाच कप झाले की 50 ग्रॅम साखर पोटात गेली, म्हणजे 200 कॅलरी, आणि जागतिक आरोग्य संघटना 25 ग्रॅमच्या आत राहिलात तर बरं म्हणते. चहा सोडा असं मी सांगणार नाही, बेळगावात ते कुणी ऐकणारही नाही. साखर दर आठवड्याला पाव चमच्यानं कमी करा. जीभ सवय लावून घेते. एकदम बिनसाखरेचा प्यायलात तर चार दिवसांत कुंद्याचं दुकान आठवेल.

कुंद्याबद्दल, म्हणजे आमच्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईबद्दल. पाव किलो आणायचा नाही, 100 ग्रॅम आणायचा. घरात सगळ्यांनी मिळून त्याच दिवशी ताजा खायचा. फ्रीजमध्ये डबा असला की तो रात्री हाक मारतो. करदंटालाही तेच लागू, सुका मेवा आहे म्हणून ते औषध होत नाही.

खरा धोका मात्र साडेपाच ते सात. दुपारचं जेवण जिरलेलं, रात्रीचं नऊ-दहाला, आणि कोपऱ्यावर मिरची भजी तळायला टाकलेली. त्या वासापुढं निर्धार वगैरे टिकत नाही, म्हणून निर्धारावर ठेवायचंच नाही. पाचलाच काहीतरी खाऊन घ्यायचं. कोशंबरी, उकडलेल्या शेंगा, फुटाणे-चुरमुरे, एक पेरू. मग रात्री ताटावर तुटून पडावं लागत नाही आणि जेवण आठला उरकता येतं. मालिका बघत जेवायची सवय मात्र घरानं मिळून मोडायला लागते, एकटीनं नाही. आमच्याकडं जेवताना टीव्ही बंद करायला लागलो तेव्हा मालक दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आता काय भिंतीकडं बघत जेवू काय?" पण भात मागायचे कमी झाले.

यात्रा, उपवास

यात्रेच्या दिवशी पोटभर जेवा. मटणाचं जेवण वर्षातून एक-दोनदाच असं साग्रसंगीत होतं, त्या दिवशी ताटात काकडी मोजत बसणारीचा मला राग येतो. एका दिवसानं कुणाचं माप बदललेलं मी बघितलं नाही. माप बदलतं ते उरलेल्यानं. दहा जणांच्या अंदाजानं तीस जणांचं केलेलं असतं, मग तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तोच रस्सा, वर आलेली तर्री, आणि तो संपवायला डावभर भात. उपाय साधा आहे. पाव्हणे निघताना डबे भरून द्या, शेजारी पाठवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरात ज्वारीची भाकरी आणि शेपूची भाजी शिजू दे. फोडी खा, तर्री आणि भात आवरा. लग्नाच्या पंगतीलाही हेच: एक गोड निवडा. मांडा असेल तर मांडाच घ्या, आईस्क्रीम कुठंही मिळतं.

उपवासानं वजन उतरतं ही समजूत साबुदाण्यानं खोटी पाडली आहे. तो निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचा कूट आणि तूप. आपल्या बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात रताळी भरपूर पिकतात, ती उकडून खा, ताक प्या, एखादं फळ. आणि दिवसभर कडक उपवास करून रात्री चंद्र बघून पुरी-श्रीखंड हा व्यवहार तोट्याचा आहे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरला न विचारता उपवास करूच नका, साखर एकदम खाली जाते.

चालणं

आठवड्याला 150 मिनिटं जोरात चालणं, म्हणजे गाणं म्हणता येणार नाही पण बोलता येईल इतक्या वेगानं. पाच दिवस अर्धा तास. टिळकवाडीकरांना व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे, आम्हाला येळ्ळूर रस्ता. पहाटे राजहंसगड समोर दिसत असतो, धुकं असलं तर तेवढंही नाही. एकटीनं जाऊ नका, सोबत ठरवा. सोबतीण दारात येऊन उभी राहिली की अंथरुणात लोळता येत नाही.

जून 2023 पासून आपल्या कर्नाटकात शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली. चांगलंच झालं, पण आधी जो एक स्टॉप आपण चालत जायचो तोही आता बसनं जातो. तिकीट शून्य रुपयांचं आहे, मग एक स्टॉप आधी उतरलं तरी काही बुडत नाही. येता-जाता धरून रोजची वीस मिनिटं तिथंच निघतात.

पावसाळ्याचं आधी ठरवून ठेवा, कारण बेळगावचा पाऊस चार महिने ऐकत नाही आणि बहुतेकींचं चालणं मोडतं ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहादा, तीन वेळा. भिंतीला हात लावून जोर. जिना असेल तर जिना. हे आठवड्यातून दोन दिवस वर्षभर केलं तर आणखी बरं, चाळिशीनंतर स्नायू आपोआप घटत जातात आणि नुसत्या चालण्यानं ते थांबत नाही. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्ची घ्या.

बसून काम करणाऱ्यांनी कामाची जागाच बदलावी. माझ्या पायमशीनला मोटर बसली तेव्हापासून पाय मोकळेच. म्हणून मी कटिंगचं टेबल उंच करून घेतलं, कापायचं काम उभ्यानं. इस्त्री मुद्दाम दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली, प्रत्येक शिवणीला उठावं लागतं. लक्षात ठेवून उठायचं म्हटलं तर कोण उठतंय!

झोपेचं थोडक्यात: सात तास. कमी झोपेनं दुसऱ्या दिवशी भूक वाढते, आणि ती भूक भाजीची नसते.

पावडरी विकायला बायका माझ्या दुकानातही येतात. जेवणाऐवजी डबा, वर हजारांचा खर्च. मी त्यांना एवढंच विचारते की तुमचा डबा कधी बंद करायचा? वजन उतरवायची इंजेक्शनंही 2025 मध्ये आपल्या देशात आणखी आली आहेत. काहींना ती खरंच लागतात, पण ती डॉक्टरनं द्यायची गोष्ट आहे, आणि बंद केल्यावर वजन बरंचसं परत येतं. तेव्हा ताट आणि चालणं बदलल्याशिवाय त्यांचाही उपयोग अर्धाच.

वजन परत चढू लागलं तर

चढणारच कधीतरी. बाळंतपण, आजारपण, पाळी जाण्याचा काळ, घरात कुणाचं दुखणं, यात चढतं. त्यासाठी आकडा आजच ठरवून ठेवा: कंबर एक इंच वर किंवा वजन दोन किलो वर गेलं की हालचाल करायची, पाच-सहा किलोंची वाट बघायची नाही. नवीन काही शोधू नका. तीनच गोष्टी तपासा, तेलाच्या कॅनवरची तारीख, दिवसाचे चहा आणि साडेपाचला काय खाल्लं. बहुतेक वेळा गळती यांतच सापडते. महिनाभर हे नीट करूनही काटा वरच जात असेल, केस गळत असतील, थकवा असेल, पायावर सूज असेल, तर थायरॉईड आणि साखर तपासून घ्या. काही न करता वजन उतरत असेल तर आनंद मानू नका, त्या आठवड्यातच डॉक्टरकडं जा.

आणि कपडे आजच्या मापाचे शिवा. "उतरल्यावर बसेल" म्हणून घट्ट शिवून घेतलेले ब्लाऊज कपाटात पडून राहतात. मी ते शिवून देत नाही, सांगून ठेवते.